इंग्रजी कवितेतला डोंगर आणि पेठचा डोंगर

नाशिक न पाहिलेला माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. कोणी सिंहस्थाला जाऊन आलेला असतो, कोणी वडिलांच्या अस्थी घेऊन. परत येताना गंगेच्या पाण्याचे गडू आणि तांब्यापितळेची भांडी येतात आणि प्रवास संपतो. पण नाशिकहून पेठच्या रस्त्याला लागले, सावळ घाट चढून पलीकडे गेले, की जो मुलूख लागतो तो पाहिलेले पुणेकर मला अजून भेटलेले नाहीत. मी तिथे गेले ती योगायोगाने. पडले तीही तिथेच, आणि त्या पडण्याने माझे बारा वर्षांचे शिकवणे हलले. म्हणून हे लिहीत आहे.

मी पुण्यात मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. नाशिकच्या एका वाचनालयाने दिवाळीच्या सुट्टीतल्या व्याख्यानांसाठी मला बोलावले होते. विषय माझ्याच आवडीचा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात जे रोमँटिक म्हणून ओळखले जाणारे कवी होऊन गेले, त्यांच्या काव्यातले माणसाचे आणि निसर्गाचे नाते. त्या व्यासपीठावर आजवर एकही बाई बोललेली नव्हती, हे निमंत्रणाच्या पत्रातच कळवले होते. ते कौतुकाने कळवले होते की सावधगिरीने, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. मी मात्र निबंध लिहून, पाठ करून, दिवाळीच्या आधीच नाशिक गाठले.

पंचवटी, आश्विन वद्य एकादशी

उतरले होते वत्सलेकडे. ती माझी वसतिगृहातली मैत्रीण. आता डॉक्टरीण झाली आहे आणि पंचवटीत तिचा लहानसा दवाखाना आहे. घर अशा गल्लीत, की समोरच्या ओसरीवरच्या भटजींचे आणि गिऱ्हाइकाचे दक्षिणेवरून चाललेले बोलणे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावे. पुण्यात शेजारी कितीही जवळ असला तरी आपण ऐकले नाही असे दाखवतो. इथे वत्सला भाजी चिरता चिरता खिडकीतून आपले मतही सांगते.

रात्रीच्या जेवणाआधी तिला निबंध वाचून दाखवला. या कवींना निसर्ग म्हणजे नुसता देखावा नव्हे. शहराने थकलेल्या जिवाला तो कुशीत घेतो, पुस्तकांनी न दिलेले ज्ञान देतो. लहान मूल त्याच्या सर्वांत जवळ असते आणि वाढत्या वयाबरोबर ती जवळीक हरवते. उंच कड्यासमोर उभे राहिले की माणसाला आपले क्षुद्रपण आणि आपल्या मनाचे मोठेपण एकाच वेळी कळते. आणि ही भेट व्हायची तर एकांत हवा. हे वाक्य मी तीन वेळा तीन तऱ्हांनी लिहिले होते.

वत्सलेने सगळे ऐकले आणि विचारले, "कृष्णे, तू डोंगरावर एकटी कधी गेली होतीस?"

"पर्वतीला जाते की."

"पर्वतीला पायऱ्या आहेत."

तिला दुसऱ्या दिवशी पेठ भागात जायचे होते. महिन्यातून दोनदा ती तिकडच्या पाड्यांवर रोगी तपासायला जाते. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली, "व्याख्यानाला आठवडा आहे. एकदा स्वतः पडताळून तर बघ."

करंजपाडा, आश्विन वद्य द्वादशी

मोटार करीमभाईंची. ते नाशिकचेच, पन्नाशीचे, आणि त्या रस्त्यावरचे प्रत्येक वळण त्यांना नातेवाइकासारखे माहीत. घाटात मोटार तापली तेव्हा त्यांनी ती थांबवली, खाली उतरून झऱ्याचे पाणी आणले आणि आधी आम्हाला प्यायला दिले, मग मोटारीला. "आधी माणसं, मग इंजन," म्हणाले.

घाटापलीकडे जमीन एकदम बदलली. द्राक्षांचे मळे नाहीत, कांद्याचे वाफे नाहीत. उतारावर नागली, म्हणजे आपली नाचणी, पिकून तांबूस झालेली, खाचरांत भात कापणीला आलेला, आणि वर सगळीकडे छातीइतके उंच गवत, उन्हात सोन्यासारखे. रस्ता संपल्यावर पाऊण तास चालून आम्ही तिघे करंजपाड्याला पोहोचलो. वीसेक घरे, कुडाची, शेणाने सारवलेली. वत्सलेने एका आंब्याखाली खाट टाकून दवाखाना मांडला आणि बघता बघता तिच्याभोवती माणसे जमली.

मी वही घेतली आणि सरळ मागच्या डोंगराची वाट धरली. "फार लांब जाऊ नको," वत्सला म्हणाली. मी हो म्हटले, ते म्हणायचे म्हणून.

त्या दिवशीचा पहिला तास खोटा नव्हता, हे मला सांगितले पाहिजे. वर एक सपाट खडक होता, तिथे बसले. खाली दरी, पलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचा तर आकाशात विरघळलेला. गवतात सोनकीची उरलीसुरली पिवळी फुले होती. वारा आला की सगळा उतार एका अंगाने झुकायचा. वाचलेले सारे अक्षरशः डोळ्यांसमोर उभे होते. मला वाटले, माझा निबंध खरा आहे. डोळे भरून आले. वहीत मी लिहिले, "येथे मी आणि हा पर्वत, तिसरे कोणी नाही."

उतरताना वाट चुकली. गुरांच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात. मी जिला वाट समजले ती अर्ध्या उतारावर गवतात बुडाली. वाळके गवत पायाखाली तेलासारखे निसरडे असते, हे मला कोणत्याही कवितेने सांगितले नव्हते. घसरले ती पंधरावीस हात खाली जाऊन एका घळीत थांबले. उजवा पाय दोन दगडांत अडकून मुरगळला. वही कुठे गेली ते दिसलेसुद्धा नाही.

उभे राहता येईना. हाका मारल्या, त्या समोरच्या कड्यावर आपटून माझ्याकडेच परत आल्या. ऊन पश्चिमेला कलले. मघाशी ज्याला मी कुशी म्हटले, गुरू म्हटले, तो डोंगर तसाच उभा होता. तो रागावलेला नव्हता की दयाळूही नव्हता. त्याचे माझ्याकडे लक्षच नव्हते. तेवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग वरून गवत सळसळले आणि एक बाई दिसली. चाळिशीची असेल, काळीसावळी, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडे, हातात विळा. तिने मला पाहिले, विळा कमरेला खोचला आणि बसत, सरकत, खाली आली. काही न विचारता माझा पाय हातात घेऊन दाबून पाहिला.

"मोडला नाय," म्हणाली. "डॉक्टरणीबरोबरची बाय ना तू? रानात एकटी कशाला आलीस?"

"डोंगर बघायला."

"डोंगर तर खालून पण दिसतो."

मी म्हटले, "एकटं असलं की बरं वाटतं."

"एकटी कुठं होतीस?" तिने खरोखरच आश्चर्याने विचारले. मग विळ्याच्या टोकाने दाखवत गेली. "त्या करवंदीत रानडुकराची मादी आहा, पिलं घेऊन. या घळीत साप आहा. वरच्या खडकावर मोठं जनावर उन्हाला बसतं. त्या उंबराखाली आमची मेलेली माणसं आहात. मी सकाळपासून इथंच गवत कापतेय. एकटी नाय बाय. तुला कोण दिसलं नाय, एवढंच."

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. दिवसा दिवा लावणाऱ्याला सांगावे तसे बोलली. मला मात्र वहीतले ते वाक्य आठवले आणि वही हरवली याचे बरे वाटले.

तिचे नाव सोमी. सोमी भोये. तिने मला पाठीवर घेतले. मी नको नको म्हणत होते. छत्तीस वर्षांच्या बाईने कोणाच्या पाठीवर बसायचे म्हणजे काय. "गवताचा भारा तुझ्यापेक्षा जड असतो," एवढेच बोलून ती चालू लागली. ज्या घरात मी वाढले तिथे डोंगरातल्या बाईची सावलीही ओसरीवर येत नसे. आता तिच्या खांद्याचा घाम माझ्या गालाला लागत होता आणि मला त्याहून सुरक्षित जागा ठाऊक नव्हती.

एका जागी ती थांबली, एक पान तोडून दगडावर ठेवले, काही पुटपुटली. मी विचारणार तो तिने गप्प राहायची खूण केली. पुढे गेल्यावर सांगितले, "ती त्याची वाट. ओलांडताना सांगावं लागतं."

"कोणाची?"

"आज नाव घेत नाय. आज त्याचा सण."

वाघबारस, त्याच दिवशी

आपण ज्या दिवशी गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी इकडे वाघाची पूजा करतात. पाड्यावर परतलो तेव्हा वत्सला माझ्या शोधाला माणसे पाठवण्याच्या तयारीत होती. तिने माझा पाय बांधला, जरा जास्तच घट्ट. करीमभाई म्हणाले, पायावर सूज आहे, इतके चालून मोटारीपर्यंत जाता येणार नाही, सकाळी डोली करू. मग सोमीच्याच घरी मुक्काम ठरला.

सूर्य मावळायला आला तेव्हा सारा पाडा शिवेवर निघाला. मला खाटेवर बसवून नेले. शिवेवर एक जुनी लाकडी फळी रोवलेली होती. तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, खाली नाग. फळीला शेंदूर लावला, नारळ फोडला, कोंबडा दिला. घराघरातून गोळा केलेल्या तांदळाचा भात तिथेच शिजला. मग एक गुराखी अंगाला पट्टे ओढून वाघ झाला आणि बाकीच्यांनी त्याला हाकारे घालत शिवेबाहेर पिटाळले. म्हातारी माणसे हसून हसून बेजार झाली.

मी सोमीला विचारले, "वाघ तुमची गुरं मारतो ना? मग त्याची पूजा का?"

"शेजारी आहा तो," ती म्हणाली. "रान त्याचं, गुरं आमची. वरसातून एकदा बोलून घ्यायचं. तू तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या वाटेनं. तरी एखादं वासरू नेतो. आम्ही पण त्याचं हरीण मारतोच."

"आणि त्याची भीती?"

"वाटते की. शेजाऱ्याची भीती वाटू नये तर मग तो कसला शेजारी?"

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचे कालवण आणि खुरसणीची चटणी. मला दिलेली भाकरी गेल्या वर्षीच्या नागलीची होती. नवीची पहिली कणसे घरात आलेली होती, पण कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय ती कोणी तोंडात घालत नाही. जी भाजी रानात उगवते तिचेही दिवस ठरलेले. त्याआधी खुडायची नाही. आपल्याकडे नियम असतात ते कोणी कोणाला शिवायचे याचे. इथे नियम होते ते रानातले काय कधी घ्यायचे याचे.

चुलीपाशी सोमीने माझ्या कपाळाकडे पाहून विचारले, "नवरा?"

"मी अकरा वर्षांची असताना गेला."

"मग दुसरा नाय केलास?"

"आमच्यात करत नाहीत."

तिने चुलीतले लाकूड आत सारले. "माझा पण गेला. मग मी दुसरा केला. तोच बाहेर भात ढवळत होता." मग मला विचारले, "मग तू काय केलंस?"

"शिकले. आता मुलींना शिकवते."

"काय शिकवतेस?"

काय सांगावे? म्हटले, "दूरदेशीच्या काही माणसांना डोंगर, नद्या, झाडं यांची फार ओढ होती. त्यांनी त्यावर गाणी केली. ती शिकवते."

"त्यांच्या गावात डोंगर नव्हता?"

"होता. पण गावोगावी गिरण्या झाल्या, धूर झाला, माणसं शहरात गेली."

"हां," सोमी म्हणाली, आणि तिच्या आवाजात कीव आली. "माहेर तुटलेली माणसं. ती गाणारच."

नाशिक, भाऊबिजेनंतर

दिवाळी पंचवटीत पाय पाटावर ठेवूनच काढली. वत्सलेने फराळाचे ताट समोर ठेवले की मी ते बाजूला सारून लिहीत बसायची. निबंधाचा पहिला अर्धा भाग तसाच ठेवला. त्या कवींवरचे माझे प्रेम कमी झाले नव्हते. त्यांनी मला डोळे दिले नसते तर त्या खडकावर बसून मला काही दिसलेच नसते. दुसरा अर्धा मात्र फाडला.

व्याख्यानाला वाचनालयाचा दिवाणखाना भरला होता. शंभरावर पुरुष, आणि डाव्या बाजूला पडद्याशेजारी पंधरावीस बायका. मी काठी टेकत व्यासपीठावर गेले तेव्हा कोणीतरी हळूच हसले.

पहिला भाग मी ठरल्याप्रमाणे बोलले. पुढे म्हणाले, "या कवींचा निसर्ग थोर आहे, पण त्यात माणूस बहुधा पाहुणा असतो. तो येतो, पाहतो, त्याचे मन उजळते, आणि तो परत जातो. डोंगर त्याला पुष्कळ देतो. त्याने डोंगराला काय द्यायचे, हा प्रश्न तिथे क्वचितच येतो. कारण त्यांचे नाते विरहाचे आहे. गिरण्यांच्या धुरात माहेर तुटलेल्या माणसांनी माहेरच्या आठवणीने केलेले ते काव्य आहे, आणि म्हणूनच ते इतके गोड आहे. पण इथून तीस मैलांवर असे लोक राहतात ज्यांचे माहेर तुटलेले नाही. त्यांना निसर्ग हा शब्दच ठाऊक नाही. त्यांना शेजारी ठाऊक आहेत." मग मी माझी फजिती सांगितली, काही न लपवता. वाघाचा सण सांगितला. आणि शेवटी म्हणाले, "ज्याला आपण एकांत म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याला कोणी दिसले नाही, एवढाच असतो."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा पुढच्या रांगेतून एक निवृत्त हेडमास्तर उठले. पांढरी पगडी, हातात छत्री. अर्ध्या नाशिकला त्यांनी इंग्रजी शिकवलेले. ते सावकाश म्हणाले, "बाईंचा व्यासंग दिसतो. पण उत्तरार्धात त्यांनी जे मत मांडले त्याला आधार कोणता? कोणत्या टीकाकाराने असे म्हटले आहे?"

मी वत्सलेकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पडद्याकडे पाहत होती. बायका पुढे सरकून बसल्या होत्या.

"आधार आहे," मी म्हणाले. "सोमी भोये. मुक्काम करंजपाडा, पेठ भाग."

मागे हशा पिकला. हेडमास्तर हसले नाहीत. "या बाईंचे शिक्षण?"

"अक्षर ओळखत नाहीत."

"मग आम्ही थोर कवींच्या तोलात एका निरक्षर बाईचे बोलणे घ्यावे, असे आपले म्हणणे?"

मी म्हणाले, "गुरुजी, आपण चाळीस वर्षे हेच शिकवलेत आणि मी बारा वर्षे. की पुस्तक मिटा, रानात जा, तिथे जे शिकाल ते कोणत्याही पंडिताकडून मिळणार नाही. हे त्या कवींचेच सांगणे आहे. आपण दोघांनी ते पुस्तकातच वाचले आणि पुस्तकातच ठेवले. मी एकदा त्यांचे ऐकून पुस्तक मिटले, तेव्हा तिथे ही बाई भेटली. आता तिला आधार मानायचे नाही, तर त्या कवींनाही कशाला मानायचे?"

हेडमास्तर तसेच उभे होते. मग त्यांनी छत्री खुर्चीला टेकवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझा आक्षेप मी मागे घेतो. चाळीस वर्षांत मी त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे गेलेलो नाही." आणि टाळ्या त्यांनीच प्रथम वाजवल्या.

पुन्हा करंजपाडा

माझे पुण्याचे तिकीट काढलेले होते. ते मी बदलले. वत्सलेची पुढची फेरी आली तशी तिच्याबरोबर निघाले. जे सोमीचे होते ते मी शंभर माणसांत वाटून आले होते. तिला सांगायला नको?

ती खाचरात भात कापत होती, आणखी सातआठ बायकांबरोबर. बांधावर बसून मी तिला सगळे सांगितले. म्हाताऱ्या गुरुजींनी काय विचारले, मी तिचे नाव आणि गाव कसे घेतले, पुढे काय झाले.

"मग त्यांनी तुला काय दिलं?"

"टाळ्या वाजवल्या."

तिला ते फारसे पटले नाही. थोडा विचार करून म्हणाली, "त्यात मोठं काय? खरं होतं तेच सांगितलंस." आणि पुन्हा कापायला लागली. मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

ज्या दिवशी मला बी. ए.ची पदवी मिळाली, त्या दिवशी माझ्या घरचे कोणी आले नव्हते. सासरचे येणे शक्यच नव्हते, आणि माहेरच्यांना लोक काय म्हणतील याची भीती होती. नाव पुकारले तेव्हा मी एकटीच पुढे गेले आणि एकटीच परत येऊन बसले. बाकीच्या मुलींचे आईबाप माना उंचावून पाहत होते. ते दृश्य मी कोणाला सांगितले नव्हते, वत्सलेलासुद्धा नाही.

खाचराच्या टोकाला पोहोचल्यावर सोमी ताठ उभी राहिली, पाठीवर हात ठेवून. पलीकडच्या बांधावरून दुसऱ्या पाड्याच्या बायका डोक्यावर भारे घेऊन चालल्या होत्या. तिने त्यांना हाक मारली, मोठ्याने, डोंगराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्या थांबल्या.

"ही बघा," सोमी माझ्याकडे विळा दाखवून म्हणाली. "ही माझी बाय. शहरात शंभर बाप्यांपुढं उभी राहून बोलली, कोणाला भ्यायली नाय."

बायकांनी भारे सावरत माझ्याकडे नीट पाहिले. मी बांधावरून उठले आणि त्यांना दिसावे म्हणून सरळ उभी राहिले.